राजीखुशीची सही

तात्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी उदयसिंहाच्या खिशात दोन कागद होते. एकावर सामानाची यादी होती, दुसऱ्यावर दस्तलेखकानं लिहून दिलेली वेळ : शुक्रवार, सकाळी साडेअकरा. श्राद्ध गुरुवारी आणि सही शुक्रवारी हा योग त्यानं मुद्दाम साधला होता. बहीण साताऱ्याहून येणार, तिला पुन्हा हेलपाटा कशाला? यात त्याचा वाईट हेतू काही नव्हता. उदयसिंहाच्या पोटात वाईट हेतू फार वेळ टिकतच नाही, त्याला लगेच पित्त होतं.

आकारामतात्या जाऊन वर्ष झालं होतं. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर दोन नावं चढली, मुलगा उदयसिंह आणि मुलगी अंबूबाई. पुढची रीत आष्ट्याच्या आसपास घरोघर ठरलेली. वर्ष सरलं की बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं तिला साडी नेसवायची, आणि बहिणीचं नाव उताऱ्यावरून खाली उतरायचं. तात्यांच्या बहिणीनं तेच केलं होतं, तिच्या सासूनंही तेच. त्या दस्तात एक वाक्य हमखास असतं : मी हे राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. हे वाक्य आजवर कुठल्याही बाईनं स्वतः लिहिलेलं नाही, ते दस्तलेखकाकडं तयारच असतं.

उदयसिंहाला घाई होती ती पोरासाठी. वीरधवलला सगळ्या उसाला ठिबक करायचं होतं आणि दर अर्जावर आत्तीची सही लागायची. दोनदा तो त्यासाठी साताऱ्याला जाऊन आला होता. आत्तीनं दोन्ही वेळा सही दिली, वर शेंगदाण्याचे लाडूही दिले. तरी वीरधवलचं म्हणणं एकच, दर वेळी कोण जाणार.

ही वेळ घरात सगळ्यांना माहीत होती, फक्त थोरल्या मुलीला, प्रियदर्शनीला नव्हती. ती बुधवारी रात्री मुंबईहून आली आणि सकाळी चहाच्या वेळी बापाच्या तोंडून साडेअकरा ऐकून तिच्या हातातला कप तसाच राहिला.

प्रियदर्शनी मंत्रालयात कक्ष अधिकारी. मंत्र्यांच्या बैठकीपुढं जो विषय जातो तो आधी कुणीतरी कागदावर मांडावा लागतो. अडचण काय, उपाय काय, कुठल्या विभागाचं म्हणणं काय, आणि शेवटी मंत्रिमंडळानं नेमकं कशाला हो म्हणायचं. त्या कागदाला मंत्रिमंडळ टिप्पणी म्हणतात. तिच्यावर सह्या मोठ्यांच्या असतात, पण शब्द असतात प्रियदर्शनीसारख्यांचे. आणि गेले पाच महिने ती जी टिप्पणी लिहीत होती ती नेमकी बहिणींच्या हक्कसोडपत्रांवर होती. देवाला कधीकधी फारच विनोद सुचतो.

टिप्पणी बारा पानांची झाली होती. अकरा पानं बिनतक्रार पुढं सरकली. अडलं होतं सातव्या परिच्छेदावर. तिथं उपाय लिहिला होता : दस्त नोंदवण्यापूर्वी अधिकाऱ्यानं बहिणीला वेगळ्या खोलीत, एकटीला बसवून विचारावं, की बाई, हे तू मनापासून करते आहेस ना? प्रियदर्शनीला हा उपाय फार आवडला होता. विधी विभागानं मात्र समासात एकच ओळ लिहून नस्ती, म्हणजे फाइल, परत पाठवली : "एकांतात विचारल्याने दडपण दूर होते, हे कशावरून?" सोमवारी अकराला सुधारलेला परिच्छेद सहसचिवांच्या टेबलावर पाहिजे होता. नाही गेला तर विषय त्या बैठकीला लागणार नव्हता, आणि एकदा मागं पडलेला विषय किती दिवस मागं पडतो हे मंत्रालयात नोकरी केलेल्याला सांगावं लागत नाही.

कप खाली ठेवून ती बापाला म्हणाली की आबा, हे आत्ताच कशाला? उदयसिंह म्हणाला, आत्ता न्हाई तर कवा? अंबू स्वतः तयार हाय, तिच्या मालकानंच फोन करून सांगितलंय. यात तुझ्या मुंबईचं काय हाय? टिप्पणी गोपनीय होती. तिच्यात काय लिहिलंय हे बापालाही सांगायची सोय नव्हती.

ती माडीवर गेली आणि तिनं सहसचिव सुमंत साहेबांना फोन लावला. माझ्याच घरात उद्या असा दस्त होतोय, हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणाली. नस्ती काढून घेतील अशी तिला धास्ती होती, आणि घेतली असती तरी तिला बोलायला जागा नव्हती. साहेबांनी विचारलं की ही टिप्पणी मंजूर झाली तर तुमच्या घराचा फायदा की तोटा.

"वडिलांचा तोटा आणि आत्याचा फायदा, सर."

"बरं. तुम्ही कळवलंत तसं मी नस्तीवर नोंदवून ठेवतो. सातवा परिच्छेद मात्र तुम्हीच लिहायचा. आणि आता तरी तिथल्या एखाद्या बाईला विचारून लिहा, आमचे अहवाल पुष्कळ वाचून झाले."

दुपारपर्यंत नैवेद्य झाला, कावळा शिवला, भावकी पुरणपोळी आणि कटाची आमटी जेवून सुपारी चघळत निघून गेली. भावकीतले नानासो जाताना उदयसिंहाला म्हणाले, उद्याचं उरकून टाक म्हणजे सुटलास. उदयसिंहानं मान हलवली. सुटलास हा शब्द त्याला थोडा टोचला, पण टोचलेलं बाजूला ठेवायची त्याला सवय आहे.

अंबूबाई मागच्या पडवीत तात्यांच्या बाजेवर बसली होती. अठ्ठावन्न वर्षांची, धिप्पाड आणि मोकळ्या हसण्याची. नवरा आप्पासो सुभेदार म्हणून फौजेतून रिटायर झाला, पोरगाही फौजेतच. अर्धं आयुष्य तिनं छावण्यांत काढलं, पठाणकोटला, जोधपूरला, आणि प्रत्येक ठिकाणी शेजारणींना सांगितलं की आमचं आष्ट्याला रान हाय, काळंभोर. आमचं म्हणायची ती. लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली तरी आमचंच म्हणायची.

प्रियदर्शनी तिच्या पायाशी येऊन बसली. आत्ती, तुला एक विचारू का, फक्त समजा हं, म्हणाली. अंबूबाई म्हणाली, समजते, विचार.

समजा, उद्या त्या कचेरीत साहेबानं तुला एकटीला आत बोलावलं. दार लावलं. ना आबा, ना आप्पासो मामा, कुणी नाही. आणि विचारलं की बाई, तुमच्यावर दडपण आहे का? तर तू काय सांगशील?

अंबूबाईनं फार विचारसुद्धा केला नाही.

"न्हाई म्हणून सांगीन."

"का गं? तिथं कोणीच नसेल."

"आत कोण नसंल, पण भाईर दादा बसलेला असंल ना पोरी. त्याच्याच गाडीतनं मला घरी यायचंय. दार उघडल्यावर तो माझ्या तोंडाकडं बघणार, की ही आत काय बोलून आली."

पाच महिन्यांचं काम असं एका वाक्यात आडवं झालं. प्रियदर्शनीला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला उलट हुशारीच आली. तिनं पुढं विचारलं, तुला कायदा माहीत नाही का, बरोबरीचा वाटा आहे हे माहीत नाही का? अंबूबाई हसली. तिला सगळं माहीत होतं, आकड्यांसकट माहीत होतं. तिनं सांगितलं की हे सगळ्याच बायकांना माहीत असतं. तुमी मुंबईची माणसं आमाला अडाणी समजता. बाई सही करते ती न कळून करत नाही, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून करते.

"तुला स्वतःला काय हवंय, आत्ती? खरं सांग."

हा प्रश्न अंबूबाईला आजवर कुणी विचारला नव्हता. भावानं नाही, नवऱ्यानं नाही. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ते तिनं लपवलंही नाही.

"मला रान नको गं. दादानंच कसावं, वीरूनं कसावं. पण तात्यांच्या खाली माझं नाव लागलंय त्या कागदावर. नोंद झाल्यापास्नं तो उतारा मी पाकिटात ठेवलाय. मला ते नाव ठेवायचंय. येवढंच. पण हे दादाला माझ्या तोंडानं सांगायचं म्हंजे मी वाटा मागितल्यासारखं हुतंय. मला मागायचं न्हाई आणि सोडायचंबी न्हाई."

मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि सहज बोलावं तसं पुढचं बोलली.

"सरकारच जर म्हणालं असतं ना, की आमी सध्या असली सही घेतच न्हाई, जावा घरी, तर लय बरं झालं असतं. दादा नाराज झाला असता तो सरकारवर. मला न्हाई म्हणावंच लागलं नसतं."

पडवीच्या दुसऱ्या टोकाला आप्पासो डोळे मिटून आरामखुर्चीत पडला होता. सगळ्यांना वाटलं तो झोपलाय. फौजी माणूस, कान उघडे ठेवून झोपणारा. त्यानंच बायकोला सही करायला सांगितलं होतं, कारण सासऱ्याच्या बांधावर जावयाचा डोळा होता असं कुणी म्हटलेलं त्याला सोसलं नसतं. ती उतारा पाकिटात घेऊन फिरते हे मात्र त्याला आत्ताच कळत होतं. तो डोळे न उघडता म्हणाला की बरोबर बोलली ती. पलटणीत वरनं ऑर्डर आली की बरं असायचं, कुणाशी वाईटपणा घ्यावा लागायचा नाही. अंबूबाई दचकली, पण उठून गेली नाही.

प्रियदर्शनी माडीवर पळाली. सातव्या परिच्छेदातली बंद खोली तिनं खोडून टाकली आणि लिहायला घेतलं : खातेदाराच्या मृत्यूनंतर सर्व वारसांची नावे अधिकार अभिलेखात आपोआप नोंदली जातील. त्यापुढील पाच वर्षे बहिणीने लिहून दिलेले कोणतेही हक्कसोडपत्र नोंदणीसाठी स्वीकारले जाणार नाही. तिने स्वतः विनंती केली तरीही नाही. या शेवटच्या वाक्यावर ती बराच वेळ अडली. विधीवाले विचारणार, तिची इच्छा असली तरीही नाही, हे कशासाठी? म्हणून तिनं कारण लिहिलं. नकार देण्याचा भार आज एकट्या बहिणीवर आहे, तो शासनाने स्वतःकडे घ्यावा, हा या प्रस्तावाचा हेतू आहे. आणि शेतीचं काम अडू नये म्हणून ठिबक, वीज असल्या कामांना कसणाऱ्या भावाची एकट्याची सही पुरेल, अशी आणखी एक ओळ घातली. त्या ओळीचं श्रेय वीरधवलच्या कुरकुरीला. इतकी सरळ भाषा टिप्पणीत चालते का याची तिला खात्री नव्हती. तिनं फोटो काढून साहेबांना पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं, हेतूचं वाक्य काढू नका, मी विधी विभागाशी बोलतो.

तिला आनंद झाला, आणि तो फार तर दोन मिनिटं टिकला. हा परिच्छेद मंजूर होईल तेव्हा होईल, तो दुसऱ्या कुणाच्या तरी आत्तीच्या उपयोगी पडेल. तिच्या आत्तीची सही उद्या साडेअकराला होती.

खाली स्वयंपाकघरात उमा भांडी लावत होती. पडवीची खिडकी तिथंच उघडते, त्यामुळं तिनं सगळं ऐकलं होतं. उमा म्हणजे उदयसिंहाची बायको, माहेर विट्याचं. तिचे चारही भाऊ गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायची दुकानं तमिळनाडूत. तिनंही सही केली होती, नऊ वर्षांपूर्वी. हिशोबानं बघितलं तर नणंदेची सही तिच्याच पोराच्या फायद्याची होती. म्हणूनच वीरधवल मघाशी तिच्याजवळ येऊन कुजबुजला होता की ताई काहीतरी खोडा घालतीय, तू आबांना पक्कं राहायला सांग. उमानं बघते म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी चहाला सगळे सोप्यात बसले. उदयसिंहानं कपाटातून साडी काढून आणली, हिरवी इरकल, लाल काठाची, चांगली पारखून घेतलेली. उद्या नेसवायची, पण अंबू, रंग आज बघून घे, म्हणाला. अंबूबाईनं साडी मांडीवर घेतली आणि दादा, लय झ्याक हाय, म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच उमाला बघवेना.

"माझ्या भावांनी मला पैठणी दिली हुती," उमा म्हणाली. ती सहसा अशी मधेच बोलत नाही, त्यामुळं सगळे तिच्याकडं बघायला लागले. "सहीच्या दिवशी चौघं आले. विमानानं आले. त्यानंतर चौघं एकत्र कवा माझ्या दारात आले न्हाईत. मी माहेर राहावं म्हणून सही केली हो. माहेर राहिलं न्हाई, सही तेवढी राहिली."

उदयसिंह म्हणाला की आता हे मध्येच कुठं काढलंस. त्याच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता.

"मध्ये न्हाई, हितंच काढायचं हुतं. आज वन्संची सही घ्याल. उद्या तुमच्यामागं वीरू प्रियूची सही घेईल, अशीच साडी दाखवून. तवा मी कुणाच्या बाजूला बसू, ते आत्ताच सांगा मला."

वीरधवल म्हणाला, आई, मी कशाला ताईची सही घेईन. पण म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं असावं की घेतली असती, आणि तीही श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, हेलपाटा वाचावा म्हणून. प्रियदर्शनी भावाकडं बघत होती. इतक्या वर्षांत या दोघांमध्ये हा विषय कधी निघाला नव्हता. तो आत्ता निघाला हे एका परीनं बरंच झालं.

आप्पासोनं घसा साफ केला. म्हणाला की उदयराव, सही करायला हिला मीच सांगितलं, ती माझ्या इज्जतीपायी. हिला काय पाहिजे ते मी विचारलंच नव्हतं. आज कानावर पडलं. मग तो अंबूबाईकडं बघून म्हणाला, आता पुढचं तू सांग न्हाईतर नको सांगू, माझी काय हरकत न्हाई.

अंबूबाईनं साडीची घडी नीट केली, परत केली. दादा, तू म्हणशील तसं, एवढंच तिला म्हणता आलं. दुपारी भाचीला जे सांगितलं ते भावाला सांगता येईना. मंत्रालयातल्या बारा पानांत जे बसत नव्हतं ते हेच होतं, आणि प्रियदर्शनीला ते पुढ्यात बसून बघावं लागलं.

उदयसिंह उठला आणि रानाकडं गेला. जेवायला आला तेव्हा त्यानं विषय काढला नाही, दुसऱ्या कुणी काढला नाही.

रानात तो काय करत होता हे कुणी विचारलं नाही, म्हणून सांगतो. तो बांधावर बसून वाईट वाटून घेत होता. त्याला बहिणीची भीती कधीच नव्हती. भीती होती ती लोकांची, की बहिणीचं नाव ठेवलं म्हणजे हिनं वाटा मागितला, भावाबहिणीत बिनसलं, असं गाव म्हणणार. नानासो म्हणणार. आणि मग गाव अंबूला नावं ठेवणार, त्याला नाही. माहेरी आली की बायका तिच्याकडं बघून कुजबुजणार. आपण सही घेतोय ती तिलाच त्यातनं वाचवायला, असं त्यानं स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं होतं. उमाच्या बोलण्यानंतर ते समजावणं काही केल्या जमेना. पित्त मात्र खवळलं.

शुक्रवारी सकाळी प्रियदर्शनी मुंबईच्या गाडीसाठी आवरून बसली होती. अंबूबाईनं अंघोळ करून चांगलं लुगडं नेसलं होतं, आधार कार्ड पिशवीत घातलं होतं. फोटोही काढून घेतले होते दोन. आप्पासोनं बूट चढवले. वीरधवल गाडी पुसत होता, पण नेहमीपेक्षा हळू. कुठं जायचंय हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

साडेनऊला दस्तलेखकाचा फोन आला. माणूस आरडून बोलणारा, त्याचं बोलणं सोप्यात सगळ्यांना ऐकू येत होतं. कागद तयार आहेत, दोन साक्षीदार घेऊन या, उशीर करू नका, म्हणाला.

"न्हाई, आज येत न्हाई," उदयसिंह म्हणाला. "दस्त करायचाच न्हाई आता."

पलीकडचा माणूस आणखी आरडला. बहीण फिरली का, त्यानं विचारलं. असं होतंच, मी बोलू का तिच्याशी, म्हणाला. अंबूबाईनं पिशवी छातीशी धरली. हा प्रश्न आता गावभर होणार, हे तिला पुरतं कळत होतं.

उदयसिंहानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. बोलताना तो बहिणीकडं बघत नव्हता, दाराबाहेर बघत होता, पण आवाज त्यानं मुद्दाम मोठा केला होता. शेजारच्या बनुबाईच्या अंगणातसुद्धा ऐकू जावा इतका.

"बहीण तयार हाय. कालपास्नं नटून बसलीया. मीच नको म्हणालो. कुणी विचारलं तर तसंच सांगा, भाऊच सही घीना म्हणून."